विहिरीत तीन महिन्यांचं पाणी

आमच्या वेळी बीएस्सीला कॉम्प्युटरचा पेपर नवाच लागला होता. नांदेडच्या कॉलेजात त्यासाठी एक खोली केलेली. चपला बाहेर काढायच्या, मग आत जायचं. आत तीन मशीन, खिडक्यांना जाड पडदे आणि गारेगार हवा. बाहेर नळाला चार दिवसांआड पाणी आणि इथं यंत्राचे हे लाड! माझं डोकं तिथंच फिरलं. पहिल्या दिवशी मी मशीनला माझं नाव लिहायला सांगितलं, पण थांबायचं कधी ते सांगायचं राहिलं. ते लिहीतच सुटलं. मी घाबरून त्याला एक चापट हाणली. सर हसले, म्हणाले, मारून काय उपयोग, त्याला अक्कल नाही, सांगाल तेवढंच ते करतं. मला धक्काच बसला. इतकी महागाची वस्तू, आणि समज आमच्या बैलाएवढीही नाही? आमचं गाव देवणीजवळ. तिथला बैल घराचं वळण आलं की न सांगता वळतो.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत टेबलं आली होती, माणसं पुरेशी आली नव्हती. तिथल्या एका साहेबांनी ओळखीनं आमच्या सरांकडं गावोगावचे पाण्याचे फॉर्म पाठवले. टँकर आधी कोणत्या गावांना द्यायचा, त्याची यादी हवी होती. सरांनी ते काम वर्गाला दिलं. नियम सोपा होता. विहिरीचं पाणी पंधरा दिवसही पुरणार नसेल तर गाव यादीत, नाहीतर बाहेर. पोरांचे प्रोग्राम आडवे पडले, माझा चालला. मैत्रिणींनी फॉर्म बघून बघून आकडे भरले आणि प्रिंटर करकरत यादी ओकू लागला. मी काय फुशारले होते म्हणून सांगू!

यादीत आमचं गाव नव्हतं.

असं होणंच शक्य नव्हतं. आमच्या विहिरीचा तळ संक्रांतीलाच दिसला होता. अव्वा, म्हणजे माझी आई, कमरेला दोर बांधून खाली उतरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. मागच्याच महिन्यात पाय घसरून तिचा खांदा निखळला होता. तरी उतरतच होती, कारण घरात दुसरी बाई नव्हती. टँकर आला नाही तर पुढच्या वेळी खांद्यावर भागणार नाही, हे मला दिसत होतं. दोन दिवस मी प्रोग्रामची एक एक ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी सरांना ताडकन म्हटलं की तुमचं मशीन खोटं बोलतं. सरांनी गठ्ठ्यातून आमच्या गावाचा फॉर्म काढून पुढं ठेवला. पाणी किती दिवस पुरेल? तीन महिने. खाली सरपंचाची सही. सरपंच म्हणजे माझे वडील, आप्पा.

फॉर्म सरांकडून मागून घेतला आणि एस्टी बदलत बदलत गाव गाठलं. पाणीसुद्धा न पिता आप्पांपुढं तो कागद धरला.

"पाणी न्हाई म्हणून लिहून देऊ?" आप्पा म्हणाले. "मग या गावात पोरगी कोण देईल? तुझ्या दादाचं घर बघायला उद्या पाव्हणे यायलेत."

मी तणतणले, रडले. अव्वाच्या खांद्याकडं बघा तरी म्हटलं. आप्पा उठून गोठ्यात गेले.

दुसऱ्या दिवशी अव्वा पाव्हण्यांसाठी दोनदा विहिरीत उतरली. पोरीचे वडील निलंग्याकडचे, अंगणात उभे राहिले. पाय धुवायला मी त्यांच्यापुढं भरलेली बादली ठेवली. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, नुसती बोटं ओली केली आणि उरलेलं पुन्हा बादलीत ओतलं. प्यायला दिलं तर दोन घोट घेऊन तांब्या अव्वाच्या हातात परत दिला. म्हणाले, राहू द्या, कामाला येईल. आप्पा हे सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं पाण्याचं कसं काय?

"भरपूर हाय," पाव्हणे म्हणाले. "तीन महिने सरत न्हाई."

आप्पा खाली मान घालून बसले. सोयरीक जमली, सुपारी फुटली, पाव्हणे गेले. मग आप्पा मला म्हणाले, "पेन आण." तीन महिने खोडून त्यांनी चार दिवस लिहिलं आणि शेजारी पुन्हा सही केली.

नांदेडला परत येऊन मी नवा आकडा भरला. मशीननं तो निमूट घेतला, जसा पहिला घेतला होता. आमचं गाव यादीत चौथं आलं. सोयऱ्यांचं गाव कुठंच नव्हतं, त्यांच्या सरपंचानंही फॉर्मवर तीन महिनेच लिहिले होते. ते खोटं बोलतात, असं मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, दुसऱ्याच्या सहीवर आपण कशी खाडाखोड करायची?

आमच्याकडं टँकर आला. अव्वाचा दोर खुंटीला लागला.

त्या गावची पोरगी पुढं माझी वहिनी झाली. घर बघायला आलेला तो माणूस तिचा बाप. त्या उन्हाळ्यात त्यांच्या विहिरीत कोण उतरत होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.