चारशे पानांतलं ‘आहे’

विमलचा फोन आला तेव्हा मी धुळ्यातल्या देवपूरच्या बाजारातून मेथी घेऊन नुकतीच घरात शिरत होते. “अक्का, नाना गया,” एवढंच ती म्हणाली. विमल ही नानांची धाकटी बहीण. लग्न मोडून ती परत आली तेव्हापासून भाऊ-बहीण देवपूरच्या दोन खोल्यांत राहत होते. फोन ठेवला आणि मी मेथी निवडायला बसले. माणूस गेल्याची बातमी ऐकून मेथी निवडत बसणारी बाई कशी असेल, असं कुणाच्याही मनात येईल. मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, हे खरं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला. “तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून ओळखत होतात, थोडं लिहा,” असं पुरवणीच्या संपादकांनी म्हटलं आणि मी हो म्हणून बसले. सगळ्यांत जवळून म्हणजे किती जवळून, ते त्यांना माहीत नाही.

नाना म्हणजे नामदेव सोनवणे, राज्यशास्त्राचे प्राध्यापक. प्राध्यापक आपलं आपण म्हणायचं. कागदावर ते शेवटपर्यंत तासिका तत्त्वावरच राहिले, म्हणजे तास घेतला तर सर, सुट्टी लागली की घरी. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. वयाने मी पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून ते मला अक्का म्हणत आणि मी त्यांना सगळ्यांसारखं नाना. आम्ही मारवाडी. माझ्या वडिलांचं चाळीसगावला कापडाचं दुकान होतं आणि गल्ल्यामागे बसून खेड्यातल्या गिऱ्हाइकांची अहिराणी माझ्या कानात मुरली होती. नाना शिंदखेड्याकडचे. वर्गात ते शुद्ध, इस्त्री केलेलं मराठी बोलत. पण घाबरले किंवा फार आनंद झाला की त्यांच्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निसटायचं. पोरं टपलेलीच असत. हजेरी घेताना मागच्या बाकावरून एखादा “शे, सर” म्हणायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. नानाही हसत.

त्यांचा पीएचडीचा विषय होता सेनेगल. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाच्या त्या देशातलं संसदेचं वरचं सभागृह, म्हणजे तिथलं सिनेट, आणि तिथले राजकीय पक्ष. हा विषय त्यांच्या गळ्यात कसा पडला, तर मार्गदर्शक म्हणाले, “अमेरिका-इंग्लंड सगळ्यांनी घेऊन झालंय, तुम्ही आफ्रिकेतलं काही बघा.” नानांनी ग्रंथालयात येऊन माझ्याकडून नकाशांचं पुस्तक घेतलं, त्यात सेनेगलच्या पानावर भुईमुगाच्या शेतीविषयी चार ओळी होत्या, आणि गडी तिथेच विरघळला. म्हणाले, “अक्का, शेंगांवर जगणारा देश आहे. त्याचं राजकारण खान्देशातल्या माणसाला नाही कळणार तर कोणाला कळणार?” आपल्याकडे सिनेट म्हटलं की विद्यापीठाचं, त्यामुळे निम्म्या धुळ्याने समजूत करून घेतली की नाना सिनेटच्या निवडणुकीला उभे राहताहेत. दोघं-तिघं तर मतदार नोंदणीचे अर्ज भरून घेऊन आले. “कोणत्या पॅनलकडून, नाना?” असं विचारणाऱ्याला नाना तिथल्या पक्षांची यादी ऐकवत. तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून रस्ता बदलायचा.

त्यांची आई तेव्हा होती. मी एकदा घरी गेले असताना माऊलीने भाकरी थापता थापता लेकाला विचारलं, “ते वरलं घर शे म्हंतस, मंग खाल कोन ऱ्हास रे?” नाना म्हणाले, “खाल निवडून येल लोके ऱ्हातस, माय.” “आनि वर?” “वर बठ्ठा मोठ्ठा साहेबना पसंतीना.” माऊलीने भाकरी उलटवली. “मंग आपलासारखंच शे,” ती म्हणाली. आणि खरंच, त्या सभागृहातले बहुतेक सदस्य राष्ट्राध्यक्षच नेमत. मोठ्या विरोधी पक्षांनी तर त्याच्या निवडणुकीवर बहिष्कारच टाकला होता. पण नानांचा जीव त्या देशावर होता. चाळीस वर्षं सत्तेत असलेला पक्ष तिथे एका निवडणुकीत हरला आणि मुकाट्याने खुर्ची सोडून गेला, हे सांगताना त्यांचे डोळे भरून येत. तिथे प्रत्येक पक्षाची मतपत्रिका वेगळी असते. मतदाराने त्या उचलायच्या, आडोशाला जाऊन एक पाकिटात घालायची आणि उरलेल्या टाकून द्यायच्या. नाना वर्गात पतंगाचे रंगीत कागद कापून पोरांना असं मतदान करायला लावत. तास संपला की वर्ग झाडायचं काम अर्थातच त्यांच्याकडे.

तर हे सिनेट मोठं लहरी. एकदा स्थापन झालं, दोन-तीन वर्षांत बरखास्त झालं, काही वर्षांनी पुन्हा आणलं. पहिल्या बरखास्तीच्या वेळी नानांचं काम निम्मं झालेलं होतं. त्यांनी ते बासनात बांधलं आणि सभागृह परत आलं तेव्हा पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केलं. घरच्या घरी पुस्तकावरून फ्रेंच शिकले. उच्चार ऐकला तर फ्रेंच माणूस रडला असता, पण वाचता चांगलं येत होतं. त्यांच्याकडे ना संगणक होता, ना साधा इंटरनेटवाला फोन. ग्रंथालयातल्या एकुलत्या एका संगणकावर दर सोमवारी सकाळी मी सेनेगलच्या बातम्या शोधायचे, सापडेल ते छापून त्यावर ग्रंथालयाचा शिक्का आणि माझी सही करून ठेवायचे. नाना अकरा वाजता दारातून डोकावून विचारत, “अक्का, तिकडे काही हालचाल?” हे इतकी वर्षं चाललं की शिपाईसुद्धा सोमवारला ‘हालचालीचा वार’ म्हणू लागला होता.

आता जे लिहायचं टाळत आले, ते लिहिते...

प्रबंधाच्या प्रती बांधायला टाकल्या होत्या, त्याच आठवड्यातला तो सोमवार. त्या वर्षी सेनेगलमध्ये मोठे पूर आले होते. बातमी होती की सिनेट कायमचं बरखास्त करून त्याचा खर्च पूरग्रस्तांकडे वळवायचं तिथल्या संसदेने ठरवलं. मी ती दोनदा वाचली. सवयीने छापली, सवयीने शिक्का मारला, सही केली. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर बांधायला टाकलेली ती चारशे पानं उभी राहिली. कॉलेजात कायम जागा निघणार होती. पीएचडी हातात असली तर ती नानांचीच होती, नसली तर वय निघून जाणार होतं. आणि या माणसाला मी पुरती ओळखत होते. बातमी कळली असती तर त्यांनी प्रती परत आणल्या असत्या आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली असती. मी तो कागद जुन्या नियतकालिकांच्या एका बांधीव खंडात खुपसला. अकरा वाजता नाना डोकावले. “काही हालचाल?” मी रजिस्टरात मान घालून म्हटलं, “पूर आलाय म्हणे. बाकी काही नाही.” धुळ्यात बसून सेनेगलचं कोणाला कळतंय, असा माझा हिशेब होता. प्रबंध एकदाचा सादर होऊ दे मग सांगू, असं ठरवलं. मग तोंडी परीक्षा होऊ दे, असं ठरवलं. आज सांगू उद्या सांगू करता करता परीक्षेचा दिवस उगवला.

तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते. मी मागच्या रांगेत बसले होते, विमल पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी. नाना सुरेख बोलले. बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते, माना डोलावत होते. शेवटी त्यांनी अगदी सहज विचारलं, “सोनवणे, तुम्ही सगळीकडे ‘आहे’ लिहिलंय. आजच्या घडीला हे सभागृह अस्तित्वात आहे ना?” नानांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच होतं, तिकडची खबर माझ्याकडूनच त्यांना मिळायची. मला त्यांच्या डोळ्यांना डोळा देता आला नाही. मी मान खाली घातली... आणि नानांना वाटलं, अक्कांनी मान हलवली. ते परीक्षकांकडे वळून म्हणाले, “शे... आहे, सर.” कोणी हसलं नाही. परीक्षकांनी बॅगेतून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. नाना तो वाचत उभे राहिले. मी विमलच्या मांडीवरच्या पुड्याकडे बघत राहिले.

प्रबंध नापास नाही झाला, दुरुस्तीसाठी परत आला. मार्गदर्शकांनी समजूत घातली, “नाना, फक्त काळ बदला. ‘आहे’चं ‘होते’ करा, दुसरं काही नाही. महिनाभराचं काम.” पण तोवर जागा दुसऱ्याने भरली होती. दोन दिवसांनी नाना ग्रंथालयात आले, समोर बसले आणि कसलाही राग न धरता विचारलं, “अक्का, ती बातमी आपल्याला कशी दिसली नाही?” त्या वेळी तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “नजरेतून सुटली असेल.” नाना म्हणाले, “सुटते एखादी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.” ते गेल्यावर मी कपाटाकडे धावले. तो खंड होता, कागद नव्हता. रद्दीत गेला असणार म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला. त्या श्वासाची मला आजही किळस येते.

‘आहे’चं ‘होते’ नानांनी कधीच केलं नाही. म्हणायचे, “मागे पण गेलं होतं, परत आलं ना? परत आलं की प्रबंध आहे तसा खरा.” लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. इतर मास्तरांची घरं बांधून झाली, पोरं पुण्याला गेली. नाना तासाला जात राहिले, पतंगाचे कागद कापत राहिले, आणि दर सोमवारी दारातून डोकावत राहिले. “अक्का, तिकडे काही हालचाल?” मी निवृत्त झाले तर सोमवारी घरी यायला लागले. चहा घेत, विचारत आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबत. बारा वर्षं मी रोज मनात ते वाक्य जुळवत होते, आणि बारा वर्षं प्रत्येक सोमवारी ‘नाही, काही नाही’ म्हणून आधी रजिस्टरात मान घालत होते आणि मग कप विसळायला आत जात होते.

जळगावच्या दवाखान्यात त्यांना हलवल्याचं कळलं तेव्हा एसटीत बसतानाच मी ठरवलं होतं की आज सांगायचं. पारोळ्यापर्यंत वाक्य पाठ झालं होतं. खाटेवर नाना एवढेसे झालेले. विमल औषध आणायला खाली गेली. आम्ही दोघंच होतो, यापेक्षा बरी वेळ कधी मिळणार होती? त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याआधी तेच बोलले. “तिकडे काही हालचाल, अक्का?” आणि मी म्हटलं, “आहे, नाना. सिनेट परत आणायचं म्हणताहेत.” का म्हटलं असेन मी असं? ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “बरं.” आणि डोळे मिटले. मी खिडकीपाशी उभी राहिले... चौथ्या दिवशी विमलचा फोन आला.

तेराव्यानंतर विमलने प्रबंध माझ्या हातात ठेवला. नानांची स्वतःची प्रत, लाल कापडी बांधणीची. “अक्का, आते मी काय करू हाई बुकनं? तुम्हीच ठेवा,” ती म्हणाली. गेले तीन आठवडे तो माझ्या टेबलावर आहे. मी पान न् पान पाहिलं. चारशे पानांत कुठेही दुरुस्ती नाही, सगळीकडे ‘आहे’ तसंच आहे. फक्त सुरुवातीच्या ऋणनिर्देशाच्या पानात चार घड्या घातलेला एक पिवळा कागद निघाला. वर ग्रंथालयाचा शिक्का, खाली माझी सही आणि त्या सोमवारची तारीख. रद्दीत गेला म्हणून मी निर्धास्त झाले होते तो कागद... आणि त्याच पानावर छापलेलं आहे, ‘सेनेगलची एकही बातमी माझ्यापासून दडवत नाहीत, त्या आमच्या ग्रंथपाल अक्का यांचा मी ऋणी आहे.’ मार्गदर्शकांनी सांगितलेली दुरुस्ती नानांनी या एकाच वाक्यात केली आहे. ‘दडवत नाहीत’ लाल शाईने खोडून वर लिहिलंय, ‘दडवत नव्हत्या’. शाई जुनी आहे, फिकट झालेली. ‘ऋणी आहे’ला मात्र हात लावलेला नाही.

म्हणजे तो खंड त्यांनी माझ्याआधी उघडला होता, आणि बारा वर्षं त्यांना माहीत होतं. बारा वर्षं दर सोमवारी, आधी ग्रंथालयाच्या दारातून आणि मग माझा चहा पीत, ते मला विचारत होते, आणि तिकडच्या हालचालीशी त्या विचारण्याचा काहीही संबंध नव्हता. त्यांना एकच उत्तर हवं होतं आणि ते द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. काल सोमवार होता. अकरा वाजता मी दोन कप चहा करून बसले आणि दाराकडे बघत ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. बोलायला इतकं सोपं होतं. इथे ते लिहून ठेवते, दुसरी कुठली जागा आता उरलेली नाही. नाना, ती बातमी मी त्याच दिवशी वाचली होती.