तारीमामांचं सत्तरावं वर्ष

म्हातारं व्हायची घाई झालेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, ते म्हणजे आमचे तारीमामा. वय विचारलं की लोक दोन-चार वर्षं गिळतात; मामा चालू वर्ष सोडून पुढचंच सांगत. एकोणसत्तर पुरी झाली त्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आता एकच रवला." आतून मामी कडाडल्या, "लोक देवाकडे आयुष्य मागतत, आमच्या ह्येंका म्हातारपण होया!"

घाईला कारण होतं. ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धेत पाच-पाच वर्षांचे गट असतात. मामांच्या गटात दरवर्षी कुणीतरी ताजा पासष्ट वर्षांचा गडी उतरायचा आणि मामांचा नंबर तिसरा यायचा. निवृत्तीनंतर स्पर्धेत उतरलेल्या या माणसाला पहिला नंबर कधी मिळालाच नव्हता. "सत्तर होऊंदेत रे, मगे बघ," ते म्हणत. "त्या गटात मी सगळ्यांत ल्हान पोर असतलंय!"

फेरीबोटीवर तारी, म्हणजे नावाडी, म्हणून नोकरी केली, त्यामुळे ते तारीमामा. घर कोरगावला. मी पेडण्याच्या एका कचेरीत कारकून. चाळिशीत डॉक्टरांनी पोट उतरवायला सांगितलं आणि मी मामांच्या तावडीत सापडलो. आठवड्यातून तीनदा माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ते म्हापशाच्या तरणतलावावर येत आणि वाटभर माझ्या कानात सूचना ओतत. "पाणी मारूचा नसता रे, धरूचा असता," हे त्यांचं मुख्य वाक्य. मी वर्षभर पाणी मारत राहिलो. पोहून झालं की ते मला पातळ भाजी आणि उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, खायला घालत, त्यामुळे पोटही जागच्या जागी राहिलं.

त्यांचा उजवा खांदा दुखतोय हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. शर्टात हात घालताना चेहरा कसा होतो ते पाहून मीच त्यांना पणजीला नेलं. खांद्याचा स्नायू हाडापासून सुटला होता. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, घरच्या कामापुरता हात असाच चालेल, या वयात शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असं नाही. मामांनी फक्त पोहण्याचं विचारलं, "पवूक गावतला?" शस्त्रक्रिया करून पुढचे महिने नीट सांभाळलेत तर कदाचित, असं उत्तर आलं. त्यातला 'कदाचित' मामांनी ऐकलाच नाही. सत्तर पुरी व्हायला दहा महिने होते.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हात झोळीत आणि तीन महिने खांद्याच्या वर उचलायचा नाही, असा हुकूम होता. मामांनी तो इतका पाळला की घर टेकीला आलं. ते आरामखुर्चीत बसून झोपत. डाव्या हाताने पेज पिताना अर्धी लुंगीवर सांडत आणि मामींनी भरवायला घेतलं की चिडत. मी सवयीने पाठीवर थाप मारायला गेलो तर ओरडले, "दूर रव! हो खांदो आता माजो न्हय, सत्तराव्या वर्साचो असा!" सहाव्या आठवड्याच्या शेवटी झोळी निघाली तेव्हा डॉक्टर खूश होता.

पुढच्याच आठवड्यात चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं बांधायची, ती माटोळी आमच्याकडे प्रत्येक घरात असते. मामांच्या घरात पहिली नारळाची जोडी घरातल्या थोरल्या पुरुषाने आपल्या हाताने बांधायची अशी रीत. थोरले मामाच. मुलगा बोटीवर नोकरीला, कुठल्यातरी समुद्रात. मी म्हटलं, "मामा, मी बांधतो, देव काय रागावत नाही." ते म्हणाले, "तू आमच्या घरचो न्हय मा रे. एकच जोडी. मगे सुपारी, तोरिंग, कांगलां, सगळां तूच बांद." मामींनी दोरी आणून दिली. रीत मोडा म्हणायचं त्यांच्याही जिवावर आलं असणार.

मामा स्टुलावर चढले. स्टूल हलू नये म्हणून ते मी घट्ट धरलं. दोन्ही हात डोक्यावर नेऊन त्यांनी दोरी चौकटीवरून घेतली, गाठ मारली, आणि जुनं फडकं फाटावं तसा बारीक आवाज मला खालपर्यंत ऐकू आला. मामा क्षणभर तसेच उभे राहिले. मग दुसरी गाठ मारली, खाली उतरले आणि म्हणाले, "जाला. आता तू बांद." त्या दिवशी आरतीचं ताट त्यांनी डाव्या हातात धरलं. गणपती पाच दिवस होते. पाचही दिवस ते कुणाला काही बोलले नाहीत आणि मला ठाऊक असून मीही बोललो नाही. आपण धरायला हवा होता तो हात, आणि आपण स्टूल धरून बसलो, याचा राग मला अजून येतो.

पुन्हा शिवता येणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं. स्नायू विरून आत ओढला गेला होता. मामांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन व्यायाम सुरू केला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. मी दर रविवारी बघायला जायचो. रेघ वर सरकली नाही. रोज त्याच जागी मारून नुसती जाड होत गेली. एका रविवारी मामींनी भिंतीला चुना लावलेला दिसला.

एकदाच ते तलावावर आले. डाव्या हाताने एक फेरी मारून पाहिली. एका वल्ह्याच्या होडीसारखे कडेला कडेला जात राहिले आणि तीन वेळा दोरीला आपटले. मी काठावरून "छान, मामा!" असं काहीतरी खोटं बोललो. ते पायरीवर बसून धापा टाकत म्हणाले, "ह्यां पवणां न्हय रे. ह्यां नुसतां न बुडणां."

सत्तर पुरी झाली. त्या वर्षीच्या स्पर्धेला त्यांनी मला न्यायला लावलं, बघायला म्हणून. त्यांच्या नव्या गटात तिघंच होते. जिंकणारा गृहस्थ इतका सावकाश आला की शेवटच्या दहा मीटरना लोक त्याला ओरडून ओढत होते. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हेच्या फुडे मी सहज गेलंय असतंय." आणि ते खरं होतं, हेच वाईट. बक्षीस देताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा डावा तळवा मांडीवर आपटत राहिले, सगळे थांबल्यावरही.

त्यानंतर त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. मी अजून पोहतो, आता पाणी थोडंफार धरताही येतं, आणि ते सांगायला दुसरं माणूस नाही. मध्ये तलावावरून परस्पर कोरगावला गेलो. चहा झाला, पावाचे भाव झाले, मुलाची बोट कुठे आहे ते झालं. निघताना मामा दारापर्यंत आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू येत जा रे. पण त्या पाण्याचो वास घेवन येव नको."

तेव्हापासून आधी पेडण्याला घरी येतो, डोक्यावरून दोनदा साबण लावून आंघोळ करतो, धुतलेले कपडे घालतो आणि मगच जातो. मामा चांगलं हसून "ये, बस" म्हणतात, आणि आपली खुर्ची जरा खिडकीकडे सरकवतात.