पडीक नाही, भट्टीवर

किस्से सांगायला माणसं लागतात, साठायला काही लागत नाही. पेणच्या आमच्या लहानशा संस्थेत आम्ही तिघंच. मॅडम, कॉम्प्युटर शिकलेला संदेश आणि नववीत शाळा सोडलेला मी. ते दोघं एकमेकांना सांगतात. माझे साठत जातात.

काम असं होतं. रोह्यापलीकडची एक कातकरी वाडी कुठल्याच नकाशात नव्हती. पंचायत म्हणाली, घरं नकाशावर दाखवा, मग नळाचं बघू. आम्ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर शोधायला लागलो, म्हणजे कुणीही फुकट वापरावं आणि हवं तसं बदलावं असं.

*

संदेशनं सगळ्यात मोठं निवडलं. ते सुरू केलं की ऑफिसचा कॉम्प्युटर अडकून बसायचा.

"मॅडम, हे प्रोफेशनल आहे."

"असू दे. उघडलं की सांग, तोवर मी वडखळला जाऊन येते."

*

दुसरं मोबाईलवर चालायचं. ते घेऊन मी वाडीवर गेलो. चांगुणाआजीच्या दारात उभा राहून तिचं घर टाकलं, तर ते रस्त्याचं नाव मागायला लागलं.

"आजी, या रस्त्याचं नाव काय?"

आजीनं पायवाटेकडे पाहिलं. "रस्ता येल तवा ठिवू."

*

उरलेली घरं टाकायला दिवाळीनंतर गेलो, तर वाडीत कुणीच नाही. सगळी वीटभट्टीवर गेलेली. ती पावसाच्या तोंडावरच परततात, हे मी आधी विचारायला हवं होतं. दारांना काट्या लावलेल्या. दोन दिवस मी एकटाच घरोघर फिरलो. त्या दोन दिवसांत माझ्याशी फक्त मोबाईल बोलला. "लोकेशन सापडले," म्हणाला.

*

संदेश ऑफिसात माझ्या नोंदी तपासत होता. प्रत्येक घरापुढे दोनच पर्याय होते, 'वापरात' आणि 'पडीक'. राहतं कुणी नाही म्हणून तो सगळीकडे 'पडीक' टाकत गेला. पडीक घराला नळ कोण देणार? पण मला चारचौघांत बोलता येत नाही, दोघांतही नाही. मी चिठ्ठी लिहून मॅडमपुढे सरकवली. 'पडीक नाही. भट्टीवर.'

मॅडमनी वाचलं. "संदेश, यात तिसरा पर्याय टाकता येतो?"

"यात नाही. आणखी एक सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळे पर्याय आपणच लिहायचे. पण दिसायला अगदी साधं आहे हो."

"मग तेच."

अशी आमची निवड झाली.

*

पावसाच्या तोंडावर ग्रामसभा भरली. वाडी परतली होती, मागे बसली होती. भिंतीवर नकाशा लागला. एक मेंबर म्हणाले, "नुसते ठिपके. माणसं कुठायत?"

चांगुणाआजी उठून भिंतीपाशी गेली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून नाव घ्यायला लागली. "हा बाळ्या. उठ रं. ही सोनी. उठ गो." ज्याचं नाव घेतलं ते माणूस उभं राहिलं. ग्रामसेवक लिहीत गेले. तेवीस घरं झाली.

एक ठिपका उरला. कुणीच उठेना.

"बघा," मेंबर म्हणाले, "हितंच गडबड हाय. सगळंच असं असंल."

मग मी उठलो. "ते घर नाही. मोबाईलची ट्रायल घेताना पडलेला ठिपका आहे, पुसायचा राहिला. तिथं आंब्याखाली बसून मी डबा खायचो."

ग्रामसेवकांनी तेवीस नावांखाली रेघ ओढून सही केली. आजी अजून भिंतीपाशीच उभी होती. बोट त्या ठिपक्यावर.

"एकलाच?" तिनं विचारलं.