टोपण शाबूत, स्टाउट कमी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. जे मोजता येतं ते खरं, एवढंच मला कळतं. त्यामुळं ‘भास झाला असेल’ छाप कमेंट टाकणाऱ्यांनी इथंच थांबलं तरी चालेल!

उस्मानपुऱ्यात आमचं घर. मागं जिन्याखाली एक खोली – खिडकी नाही, दार एकच, म्हणून उन्हाळ्यातही त्यातल्या त्यात गार. तिथं मी आणि कंपनीतला माझा मित्र रंगनाथ हौसेनं बिअर करायचो. गव्हाची, फिकट सोनेरी पेल एल, आणि स्टाउट – म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर. शिजवायचं काम त्याचं, नोंदी माझ्या. प्रत्येक बाटलीवर नंबर, ग्रॅममध्ये वजन. पहिल्या दोन्हींतली एकेक बाटली दर पंधरा दिवसांनी उघडायची, चव कशी बदलली ते वहीत लिहायचं. स्टाउट मुरायला वेळ घेते, म्हणून तिला सहा महिने हात लावायचा नाही असं ठरलेलं.

दुसऱ्याच महिन्यात स्टाउटच्या बाटल्या हाताला हलक्या लागल्या. उजेडात धरल्या तर प्रत्येकीत चार बोटं कमी! बाकीच्या जशाच्या तशा. टोपणं घट्ट. पण टोपण बसवायचं मशीन त्याच खोलीत होतं, आणि दुसरी चावी रंगनाथकडं...

मी त्याला कँटीनमध्ये, चार लोकांसमोर विचारलं, “प्यायची होती तर मागायची ना! वरून परत टोपणं कशाला ठोकत बसलास?”

तो भरल्या ताटावरून उठला. “मी चोर व्हय? माझ्या बापानं लोकांची मेंढरं राखली आयुष्यभर. एक कोकरू इकडचं तिकडं झालं नाय कधी.” चावी माझ्यासमोर टाकली आणि गेला.

मलाच राग आला. चोर तो चोर, वर शिरजोर! मी कुलूप बदललं, मशीन बेडरूमच्या कपाटात ठेवलं. सगळ्या बाटल्यांचं पुन्हा वजन केलं, टोपण आणि काच जोडून रंगाचा ठिपका दिला, दाराच्या फटीवर सही केलेली सीलं चिकटवली. कॅमेरा का नाही लावला म्हणता? कारण चोर कोण ते मला माहीत होतं ना!

नऊ दिवसांनी, रविवारी भर दुपारी, बायकोला शेजारी उभं करून दार उघडलं. सीलं शाबूत. रंगाचे ठिपके शाबूत. फरशी कोरडी. आणि स्टाउटच्या सगळ्या बाटल्या... निम्म्या.

एक उघडली. फस्सकन गॅस आला, फेसही व्यवस्थित. म्हणजे आजवर कुणी उघडलेलीच नव्हती. चव घेतली. लिहितानाही संताप होतो, पण इतकी मुरलेली स्टाउट मी आजवर प्यायलो नाही. दोन महिन्यांची ती नव्हतीच, वर्षानुवर्षं ठेवल्यासारखी लागत होती.

बायको एवढंच म्हणाली, “अहो, मग रंगनाथभाऊंनी नव्हती प्यायली.”

त्याच संध्याकाळी चितेगावला त्याच्या घरी गेलो. वही उघडून नऊ दिवसांपूर्वीची आणि आजची वजनं दाखवायला लागलो. त्यानं वहीकडं बघितलंसुद्धा नाही.

“बाटल्यांनी सांगितलं तवा आलास,” तो म्हणाला. “मी सांगत होतो तवा काय झालं होतं?”

मी वही मिटली. त्याच्या आईनं चहा दिला. तो मेंढरांना पाला टाकायला गेला, तो मी निघेपर्यंत आलाच नाही.

कंपनीत लोक अजून हसतात – तूच पीत असशील म्हणतात. हसू दे. बिअर कुठं गेली, ते मला आजही माहीत नाही. कुणाकडं शास्त्रीय कारण असेल तर जरूर लिहा, वाचीन. पण ते घेऊन मी चितेगावला जाणार नाही. रंगनाथनं माझ्याकडं कारण कधी मागितलंच नव्हतं.