ह्यांच्या अक्षरातले सातबारे

आमचं घर बौद्ध. करणी, गंडेदोरे, अंगात येणं... असल्या गोष्टी सासऱ्यांनी कायम उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं —

माझे मिस्टर धरणगावकडे तलाठी होते. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेले. मला अनुकंपा तत्त्वावर जळगावच्या एका कचेरीत क्लार्क म्हणून घेतलं. नव्वदच्या दशकाची अखेर. सातबारे कॉम्प्युटरवर चढवायचं काम नुकतंच सुरू झालं होतं. एसी लावलेली खोली, चपला दाराबाहेर. आणि माझ्या टेबलावर पहिलाच गठ्ठा आला तो ह्यांच्या गावांचा! पानन् पान ह्यांच्या हातचं.

किती वेळ त्या अक्षरांवरून नुसती बोटं फिरवत बसले. टाइप करायला घेतलं तर डोळे भरून आले, काही दिसेना. तेवढ्यात कानाशी आवाज आला — "गट नंबर एकशे चार... पीक, कापूस..."

ह्यांचाच. जरा घोगरा, तसाच.

घाबरले? नाही. खरं सांगते, मी ऐकत ऐकत टाइप करत गेले. मग रोजच यायचा आवाज. भरदुपारी, चार माणसं आजूबाजूला असताना. मी कुणाला बोलले नाही... बाई येडी झाली, म्हणाले असते. उलट मुद्दाम काम हळू करायला लागले. साहेब म्हणायचे, "ताई, किती वेळ लावता?" त्यांना काय सांगू — गठ्ठा संपला की ह्यांचं वाचणंही संपणार होतं.

शेवटच्या पानाला मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले. हळूच म्हटलं, "थोडं थांबा ना."

"बठ्ठं व्हयनं," घरी बोलायचे तसे अहिराणीत बोलले, सगळं झालं म्हणून. "आते तू पुढे चाल."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तलाठ्याचा गठ्ठा आला. सुबक अक्षर होतं. खोलीत फक्त मशीनची घरघर.

पार्टिशनपलीकडे एक बाई बसायच्या, धुळ्याहून नुकत्याच बदलून आलेल्या. ह्यांच्याबद्दल त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना त्यांनी सहज विचारलं, "ताई, तुम्हाला वाचून दाखवतात ते भाऊ आज आले नाहीत का?"

मी घास परत डब्यात ठेवला.

"बदली झाली त्यांची," मी म्हटलं.

"अरे... कुठं?"

मी डब्याचं झाकण लावलं आणि नव्या गठ्ठ्याचं पुढचं पान उघडलं.