तरोटा, कांदे अन् सुनेचे डोहाळे

लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला बसलं की हात गुंतलेले, कान मोकळे. म्हणून किस्से साचत जातात. नांदेडच्या या कॉलेजात मी म्हातारा झालो, पण जीव धास्तावला तो एकाच पावसाळ्यात. आमच्या मॅडम तरोटा तपासत होत्या. रानात उगवतो तोच. खाजेवर लावतात, कवळा असला की भाजी करतात. तो पेशीच्या आत काही बिघडवतो का, हे त्यांना बघायचं होतं.

*

पाला आणायचं काम माझं. हिमायतनगरकडून पिशवी भरून आणली. लॅबमधले रशीदभाई म्हणाले, "चाचा, इतका कशाला?" अन् अर्धा घरी घेऊन गेले.

मॅडमनी पिशवी उचलली. "बाबा, एवढाच?"

"अर्धा रशीदभाईकडं तपासायला गेलाय," मी म्हणलो. "कढईत."

*

तपासणी कांद्यावर. एका कपात साधं पाणी, दुसऱ्यात तरोट्याचा अर्क, वर कांदे बसवायचे. मुळं फुटली की टोकं कापायची, रंगवायची, मायक्रोस्कोपखाली धरायची. मॅडमनी मलाही बघायला लावलं.

"काय दिसतंय, बाबा?"

"खराटा."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा जरा मागं घ्या."

*

मग दिसलं. पेशीत बारीक धागे. साध्या पाण्यातले दोन्हीकडं नीट वाटून चाललेले. तरोट्यातले काही तुटलेले. एक तुकडा तर मधेच पडला होता, बाजारात लेकरू चुकावं तसा.

"मॅडम, असे धागे माणसात बी असतात?"

"असतात."

"पोटातल्या लेकरात?"

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "अर्क फार कडक होता, बाबा. कांद्यावरून माणसाचं सांगता येत नाही. पुन्हा करून बघू."

माझी सून कविता पोटुशी होती. तिला डोहाळे लागले होते तरोट्याचेच.

*

घरी गेलो अन् निवडलेली भाजी शेळीपुढं टाकली. कविता बघतच राहिली.

"मामा, भाजीवर का रुसून राहिले?"

मॅडम तरोटा तपासतात, एवढं तिला ठाऊक होतं. त्यात काय दिसलं ते सांगितलं असतं, तर आजवर खाल्लेला एकेक घास तिला आठवला असता. म्हणलो, "किडकी होती."

गल्लीत झालं की सासरा डोहाळे मारून राहिला. पोटुशीचं मन मारू नये म्हणून घरोघरून वाट्या यायला लागल्या. सगळ्यांत तरोटा. मी दारातच बसायचो, वाटी हातात घ्यायचो अन् शेळीला घालायचो.

शेळीबी गाभण होती, हे मागून ध्यानात आलं.

*

डोहाळजेवणाचा दिवस आला. मॅडमचे दुसरे कांदे अजून कपावरच होते. रशीदभाईची बायको डबा घेऊन आली अन् भरल्या घरात तिनं कविताच्या ताटात तरोटा वाढला. "खा बेटी. इथं कोण अडवतंय बघू."

कवितानं घास उचलला. मी उठलो. तिच्या हातातला घास घेतला, ताट ओढलं अन् उभ्या उभ्या सगळी भाजी संपवली.

"अगं बाई, मामालाच डोहाळे लागले की!"

बाया हसून हसून बेजार झाल्या. कविता हसली न्हाई. पोटावर हात ठेवून हळू म्हणाली, "मामा, मॅडम काय म्हणल्या?"