दगडाभोवतीची जागा

हर्सूलच्या पुढच्या आमच्या शेताचे प्लॉट पाडायचं ठरलं, तेव्हा कामांची वाटणी नेहमीप्रमाणे मीच केली. मोजणी भावाकडे, विहीर बुजवणं चुलतभावाकडे आणि बांधावरच्या शेंदरी दगडाचा प्रश्न माझ्याकडे.

दगड भिल्लांचा. ओढ्याकाठच्या वस्तीवरची त्यांची माणसं आमच्या शेताची राखण करायची. नवी ज्वारी निघाली की त्यांच्यातली म्हातारी यायची, पहिली कणसं दगडापुढं ठेवायची आणि त्यातले चार दाणे स्वतः खायची. त्याआधी आमच्या घरी नव्या ज्वारीची भाकरी होत नसे. आई म्हणायची, त्यांचा मान आहे, दिला पाहिजे. देणारे आपण आणि घेणारी ती, असंच मी धरून चालले होते.

आजोबा पोलीस ॲक्शननंतर नगरकडून इथं आले. तिकडं त्यांना स्वतःचं शेत नव्हतं. इथं त्यांनी झाडोरा तोडला, दगड वेचले, पट्टा मिळवला. सगळं रान रिकामं होतं, असं ते सांगायचे, आणि ते खोटं बोलणारे नव्हते. जिथं नांगराची रेघ नाही ती जमीन कुणाचीच नाही, एवढीच त्यांची पारख. त्याच रानातल्या मधावर, डिंकावर, शिकारीवर ज्यांचं चालायचं, ते मग आमचे राखणदार झाले.

मोजणीच्या दिवशी म्हातारीला बोलावलं. भाऊ मोठ्या मनानं म्हणाला, "आजी, कोपऱ्यात देऊळ बांधून देतो. फरशी पण लावतो. देव तिथं न्या."

"देवाचं काय, त्यो पायी यील," ती म्हणाली. "खालच्यांचं काय करता?"

"खालचे कोण?"

"माझा सासरा हाय. दोन लेकरं हायेत. आमच्यात पुरत्यात, दादा. तुमच्या आज्यानं नांगर घातला तवा बी लई जण हितंच व्हते."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला.

"ती जागा आम्ही तुम्हाला देऊ," मी म्हणाले.

"देता व्हय," म्हणून ती हसली.

मी मोजणीवाल्याला जवळ बोलावलं. मी म्हणाले, "कुठपर्यंत आहे, ते तुम्हीच दाखवा."

ती काठी टेकत उठली. मोजणीवाला चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन तिच्यामागं रेघ ओढत निघाला. मला वाटलं, दगडाला एक फेरी घालून थांबेल. ती बांध उतरली, तुरीच्या धसकटांतून पार ओढ्याच्या अंगाला गेली आणि मग वळली.

"आजी, एवढी?" भाऊ म्हणाला.

"मला ठावं हायेत तेवढी. सासूला जास्ती ठावं व्हती."

रेघेत चार प्लॉट गेले. त्यातला रस्त्यालगतचा भावाच्या वाटणीचा होता. त्यानं पाटीवाल्याला थांबवलं नाही. "वळण नीट घे," एवढंच म्हणाला.